हिमपरिषदेचा ताळेबंद : एक सखोल चिकित्सा

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी आंतरराष्ट्रीय परिषद पाहिली नव्हती, नाहीतर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावाचून ते राहिले नसते. त्यातही परिषद हिमनद्यांवरची असेल, तर वरमायही परवडली. आम्ही अशा एका परिषदेचे खजिनदार होतो. नाव सांगत नाही, हिशेब अजून बंद व्हायचा आहे.

आधी पूर्वपीठिका. 1894 साली झुरिकला भूगर्भशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिमनद्यांवर पाळत ठेवण्यासाठी तिथेच एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. स्वित्झर्लंडचे फोरेल त्याचे पहिले अध्यक्ष. हिमनद्या कोणत्या लयीने पुढे येतात आणि मागे जातात, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे हिमपरिषदांची गंगोत्रीही दुसऱ्याच्याच परिषदेत. तेव्हापासून हिमनद्या मागे मागे सरकत राहिल्या आणि परिषदा पुढे पुढे. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असा आमचा दावा नाही. तेवढा संशोधननिधी आम्हाला मिळालेला नाही.

आता सिद्धांत. परिषदेचे अंदाजपत्रक ही स्वतःच एक हिमनदी असते.

हिमनदीला वरच्या अंगाला संचयाचा प्रदेश असतो आणि खालच्या अंगाला वितळण्याचा. वर पडलेले हिम लगेच बर्फ होत नाही. ताज्या भुसभुशीत हिमाच्या घनमीटरचे वजन शंभर किलोच्या आसपास, बाकी सगळी हवा. वर्षानुवर्षे दबून दबून त्याचा बर्फ होतो, तेव्हा ते 900 किलोंच्या वर जाते. अनुदानाचेही तेच. 'तत्त्वतः मंजुरी' हे ताजे हिम : दिसायला शुभ्र, हातात घेतले की हवा. मंजुरीचे पत्र हे दाबले गेलेले, पण अजून सच्छिद्र हिम. बँकेत जमा झालेली रक्कम तेवढी बर्फ. नवखे खजिनदार ताज्या हिमावरच हॉल आरक्षित करतात आणि कमरेइतके आत जातात.

खालचा प्रदेश चहाचा. त्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही, चहा वितळवतो.

कालगणनेचा मुद्दा मात्र गहन आहे. उत्तर गोलार्धातले हिमशास्त्रज्ञ आपले वर्ष साधारण 1 ऑक्टोबरला सुरू करतात : उन्हाळा संपला, आता जमेची बाजू. आपले सरकारी वर्ष संपते 31 मार्चला. काही हिमनद्या वर्षानुवर्षे गोगलगायीसारख्या चालतात आणि एके दिवशी अचानक कित्येक पटींनी वेग घेतात. काराकोरम त्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या मते काराकोरमचा क्रमांक दुसरा. ज्याने 30 मार्चला संध्याकाळी सहानंतर लेखा विभागाचा कॉरिडॉर पाहिला आहे, तो वाद घालणार नाही.

ग्लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1955 साली दाखवले की बर्फावरचा ताण दुप्पट केला, तर त्याच्या वाहण्याचा वेग दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट होतो. हा नियम ई-मेलला जसाच्या तसा लागू पडतो. शोधनिबंधांचे सारांश पाठवण्याची मुदत निम्म्यावर आली की पत्रे आठपट येतात, आणि त्यांतली बहुतेक 'मुदत वाढेल का' एवढेच विचारणारी. मुदत वाढते. समिती हा पदार्थ बर्फापेक्षा मऊ असतो.

पुढचा शोध ओस्ट्रेमचा, 1959 सालचा. बर्फावर दगडमातीचा पातळ थर असला, तर उष्णता शोषली जाऊन बर्फ लवकर वितळतो. थर जाड असला, तर तोच बर्फाचे रक्षण करतो. फायलीवरचे कागद असेच वागतात. पातळ फाइल दिसली की कुणीही पैसे मागते. पण सामोशांसाठी तीन कोटेशने, त्यांचा तुलनात्मक तक्ता, त्यावर उपसमितीचे इतिवृत्त एवढा थर साचला, की खालचा एक रुपया हलत नाही. सामोसेही हलत नाहीत.

स्थळनिवडीचे शास्त्र वेगळेच. अंटार्क्टिका कराराची सल्लामसलत बैठक 2024 साली भरली कोचीला, ऐन मे महिन्यात. अंटार्क्टिकाच्या भूविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद 2015 साली झाला गोव्यात, जुलैमध्ये, म्हणजे छत्रीखाली. यात गैर काही नाही, कारण आपले ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रच वास्कोला आहे. तिथले शास्त्रज्ञ स्पितीतल्या 'हिमांश' केंद्रावर जाऊन हिमनद्या मोजतात. वास्कोत बर्फ पाहायचा, तर मासळीबाजार गाठावा लागतो. पाहुण्यांच्या पहिल्या संध्याकाळच्या मेळाव्याला परिषदांच्या भाषेत 'आइसब्रेकर' म्हणतात. बर्फ वाचवायला जमलेल्या लोकांनी प्रारंभ बर्फ फोडण्याने करावा, यावर आम्ही एक टिपण समितीला दिले होते. ते इतिवृत्तात आलेले नाही.

शेवटी एक मोजमाप. 2016 साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला : कार्बन डायऑक्साइडचा एक टन हवेत गेला, की आर्क्टिकमधला सप्टेंबरचा सुमारे 3 चौरस मीटर समुद्रबर्फ जातो. समुद्रबर्फ म्हणजे हिमनदी नव्हे, हा आक्षेप मान्य. पण पोस्टरचा ए-झीरो कागद बरोबर 1 चौरस मीटरचा असतो. म्हणजे एका टनाला तीन पोस्टरे. लांबून विमानाने आलेला पाहुणा आपले एक पोस्टर भिंतीवर लावतो, तेव्हा उरलेली जागा कुणाच्या खाती टाकायची? ताळेबंदात असा रकानाच नाही. त्याच्याकडून मूळ बोर्डिंग पास मात्र घ्यायचा असतो. आम्हाला तो न मिळाल्यामुळेच हिशेब अडला आहे.

हिमनदी मागे सरकताना दगडधोंड्यांची रास सोडून जाते. परिषद कापडी पिशव्या सोडते. आमच्याकडच्या पिशवीवर निळ्या रंगात एक हिमनदी छापली आहे, आणि सध्या तिच्यातून मेथी, कोथिंबीर येते. दर धुण्याला ती हिमनदी थोडी मागे हटते. सौभाग्यवतींच्या निरीक्षणानुसार तिचे टोक आता बंदापासून चार बोटांवर आले आहे. पुढचे मापन दिवाळीच्या साफसफाईनंतर.