पिशवीवाल्यांची बाग

येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे, पोलीस ठाणं आहे आणि आमच्या सोसायटीच्या फाटकावर कॅमेराही आहे. तरीही पहाटे एक हात भिंतीवरून आत येतो आणि जास्वंद खुडून नेतो. हात साठीच्या पुढचा, मनगटाला पिशवी. हटकलं तर उत्तर ठरलेलं, "देवासाठी हो!" देवच मध्ये आला म्हटल्यावर बोलणार काय?

नर्सरीत रोप घेताना माणसं विचारतात, ऊन किती लागतं, पाणी किती लागतं. इथे तिसरा प्रश्नही विचारावा : देवाला चालतं का? चालत असेल तर ते झाड आपलं राहत नाही.

जास्वंदच घ्या. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी मुळाशी ओल असेल तर ती फुलत राहते. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून अधूनमधून शेंडे छाटले की झाड भरतं. पिठ्या ढेकूण तेवढा छळतो, त्याला निमतेल. पण लाल गावठी जास्वंद लावून संकष्टीच्या सकाळी झाडावर फूल शोधणं म्हणजे निव्वळ आशावाद. पिशवीवाल्यांचा युक्तिवादही बिनतोड असतो : फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटणारच, मग गणपतीच्या डोक्यावर मिटलं तर काय बिघडलं?

मोगऱ्याला तर दोन पाळ्यांचा त्रास. जानेवारीच्या सुमारास त्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, पानं काढायची आणि मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. इतका जाच सोसून तो उन्हाळाभर कळ्या देतो. त्या संध्याकाळी गजऱ्यासाठी जातात, उरल्यासुरल्या पहाटे पूजेला. पारिजातक मात्र शहाणा. तो फुलं स्वतःच टाकून देतो, आणि जमिनीवर पडलेली फुलं देवाला चालण्याची सवलतही त्याला आहे. सडा भिंतीच्या कुठल्या बाजूला पडला, एवढाच काय तो वाद.

या सगळ्याला कंटाळून काही जण बोगनवेल लावतात. ती मूळची ब्राझीलकडची. अंगाला काटे, पूजेत मज्जाव. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी. पाणी बेताचं द्यावं तर ती पेटल्यासारखी फुलते, लाड करावेत तर नुसती पानं वाढवते. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम झाड. पण देवाचे नियम मला कळत नाहीत. झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, चाफाही समुद्रापलीकडून आलेला. त्यांची कागदपत्रं कुणी तपासली नाहीत, बोगनवेल तेवढी दाराबाहेर. वास नाही म्हणून म्हणावं, तर जास्वंदीला तरी कुठे आहे?

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आगाखान पॅलेस आहे, 1892 सालचा. 15 ऑगस्ट 1942 ला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच कैदेत असताना वारले. नंतर गांधीजी त्यांच्या समाधीवर रोज फुलं वाहायला जात; फेब्रुवारी 1944 मध्ये शेजारीच कस्तुरबांची समाधी झाली. तिथल्या हिरवळीवरून फिरताना मला त्या फुलांच्या माळ्याचा विचार येतो. रोज कळी धरायची आणि रोज ती दुसऱ्याच्या ओंजळीत द्यायची, हे त्या माणसाला कसं वाटत असेल? तो आमच्यासारखा पडद्याआडून पाळत ठेवत नसावा.

यंदा मी तोडगा काढला. भिंतीलगत लाल जास्वंद, पिशवीवाल्यांच्या हाताला येईल अशी. आत, खिडकीपाशी, पिवळी दुहेरी, फक्त आमच्यासाठी. गणपतीला लाल लागतं, तेव्हा पिवळीकडे कुणी बघणार नाही, असा हिशेब.

परवा पहाटे भिंतीवरचा हात लालवरच थांबला, पण नजर आत गेली.

"पिवळी नवीन का? कुठून आणलीत?"

"उरुळी कांचनच्या नर्सरीतून, काका."

"पावसाळ्यात एक फांदी द्या. जगते का बघतो." मग हातातलं लाल फूल उलटंपालटं करत म्हणाले, "आणि याच्या देठाला पांढरं दिसतंय. निमतेल मारा जरा. असं फूल देवाला कसं वाहायचं?"