शांत जागा पाहिजे

साडूभाऊ रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांना आवाज ऐकू यायला लागले. छत्तीस वर्षं भुसावळच्या क्वार्टरमध्ये मालगाड्यांच्या खडखडाटात घोरणारा माणूस, आता त्याला शेजारच्या कुकरची शिट्टी सोसेना. आमच्या दोघांची सासुरवाडी बऱ्हाणपूर. तेव्हा ठरलं, घर तिथंच. पण शांत जागी.

लालबाग पहिल्याच दिवशी बाद झालं, स्टेशन तिथंच. गावात पॉवरलूम. विणकरांच्या मोहल्ल्यात सतत खटाखट, आणि मधेच वीज गेली की त्या शांततेनं तान्ही पोरं दचकून उठतात. साडूभाऊंनी कानांवर हात ठेवून गल्ली ओलांडली. ज्या खटाखटीवर घराघरातली चूल पेटते, तिला कटकट म्हणायला आधी पेन्शन सुरू व्हावी लागते.

तसं विसाव्यासाठी बऱ्हाणपूर जुनं नावाजलेलं. गिऱ्हाईक तेवढं निराळं. पुरंदरचा तह करून गेलेले मिर्झाराजे जयसिंह 1667 मध्ये इथंच गेले. 1731 मध्ये सगळ्या गावालाच बाहेरची भिंत घालणारा निजामुल्मुल्क 1748 मध्ये याच गावात वारला. पण पुरला खुलताबादला. ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब अवलियांचं नाव गावानं घेतलं, त्यांची कबरही खुलताबादलाच. मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात इथं गेली, तापीपल्याड जैनाबादच्या आहूखाना बागेत तिला दफन केलं आणि सहा महिन्यांत आग्र्याला हलवलं. एकूण, मुक्काम पक्का करायला आलेल्यांनाही हे गाव बदलीची ऑर्डर देतं. रेल्वेवाल्याला हे कळायला हवं होतं.

जागा ठरायच्या आतच ठेकेदारानं अल्बम उघडला. घर किती खोल्यांचं, जिना किती उंच, गुडघ्यांचं काय, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "एलिव्हेशन कसं करू?" पश्चिमेला काच, मधे ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, खाली संगमरवराची नक्कल करणाऱ्या टाइल्स. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशीला जातो. पश्चिमेला काच लावणं म्हणजे आपण होऊन भट्टीत बसणं, आणि वर एसीचं बिल भरणं. शेजारी गावातली जुनी घरं उभी आहेत. वीट-चुन्याच्या भिंती इतक्या जाड, की दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते.

मी सुचवलं, भाजलेली वीट घ्या. वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात बांधायचे तशी कडेवर उभी लावा, मधे पोकळी सोडा. विटा पाव हिश्शानं वाचतात, भिंत कमी तापते, आणि वर प्लास्टर नको, रंग नको, दर दिवाळीला शिडीवर चढणं नको. उरलेले पैसे पायात घाला, कारण खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तुमच्या टाइल्सची तिला काडीची भीड नाही.

ठेकेदार हळहळला. "साहेब, बिनप्लास्टरची भिंत? लोक म्हणतील, फंड संपला."

साडूभाऊंना हे पटलं. म्हातारपणी उकाडा सहन होतो. लोकांनी फंडाचा अंदाज बांधलेला सहन होत नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 मध्ये, याच गावासाठी कुंडी भंडाऱ्याचे बोगदे खोदले आणि डोंगरातलं पाणी उतारानं गावात आणलं. सगळं काम जमिनीखाली. चारशे वर्षांत त्याचं एलिव्हेशन कुणी विचारलेलं नाही.

शेवटी दलाल आम्हाला तापीपल्याड घेऊन गेला. खरोखरच शांत. केळीची पानं तेवढी फडफडत होती. दवाखाना कुठे, रिक्षा कुठे, हे विचारायचं साडूभाऊंना सुचलं नाही. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. दलालानं संधी साधली.

"भाऊसाहेब, इतकी शांत जागा, की खुद्द मुमताजबेगम सहा महिने इथं होत्या."

"मग हलवलं कशाला?" मी विचारलं.

"जागेला कुणी नाव ठेवलं नव्हतं," दलाल म्हणाला. "पण मालकांना संगमरवरच पाहिजे होता, आणि तो मकराण्याहून इथवर आणणं परवडेना. तुम्ही टाइल्स लावताय ना?"