लेकरांसाठी काय आहे?

धाराशिव जिल्ह्यात हॉटेलात शिरलं की इतर माणसं आधी हात धुवायची जागा शोधतात. लेकुरवाळी माणसं वेटर शोधतात. "लेकरांसाठी काय आहे?" हा आमचा ठरलेला प्रश्न. तुळजापूर असो की येडशी, त्याला उत्तरही ठरलेलं: "दही आणू का?" मेनूकार्डावर पनीरचे प्रकारच दीड पान असतात, चायनीज वेगळं असतं, पण लेकरू म्हटलं की दही. हे जिल्ह्याचं धोरण असावं, आणि मला ते पसंत आहे.

छत्रपती संभाजीनगरहून धुळे-सोलापूर महामार्गाने आम्ही निघालो ते तुळजाभवानीच्या दर्शनाला. तिथून पुढे तेरजवळ माझ्या मावशीच्या शेतात वेळ अमावस्या करायची होती. नवऱ्याचा हेतू मात्र शैक्षणिक होता. एकच पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आला की मूल तो खायला लागतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्यासाठी मोबाईलमध्ये तक्ता तयार होता. डावीकडे पदार्थ, वर थोरली आणि धाकटा, मधल्या चौकोनांत खुणा.

भाकरीची पहिली खूण येडशीच्या अलीकडे एका ढाब्यावर पडली.

"ही पोळी जळलीये," धाकटा म्हणाला. वय वर्षं चार.

"जळलेली नाही रे, ज्वारीची आहे," थोरलीने समजावलं आणि मोठ्या मनाने स्वतःचीही त्याच्याच ताटात सरकवली.

खरी परीक्षा तुळजापुरात झाली. दर्शनाची रांग, कल्लोळ तीर्थ, कवड्यांच्या माळा, कपाळभर कुंकू हे सगळं यथासांग झालं. देवळाच्या आवारात चिंतामणी म्हणून गोल दगड आहे. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर होईल पण उशिराने, अशी श्रद्धा. लोक तिथे लग्न, नोकरी, कोर्टकचेरी घेऊन उभे असतात. थोरलीने हात ठेवले, डोळे मिटले आणि मनातलं मोठ्याने विचारलं, "आज फ्रेंच फ्राइज मिळणार का?" मागचे काका हसले. दगड तसूभरही हलला नाही.

संध्याकाळच्या हॉटेलात फ्राइज होते. ऑर्डर दिल्यावर आले पाऊण तासाने. थोरलीची श्रद्धा तेव्हापासून अढळ आहे.

त्या पाऊण तासात नवऱ्याने शेवभाजी मागवली. "लेकरांना चालेल ना? तिखट नाही ना?"

"तिखट नसतंय बघा," वेटर म्हणाला.

हे वाक्य इथला माणूस खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. त्याचं दूध सुटलं तेच काळ्या तिखटाच्या आमटीवर, तर त्याने बिचाऱ्याने तिखट म्हणावं तरी कशाला? वाटी आली. वर लालभडक तर्री, शेव खाली कुठेतरी बुडालेली. आधी आपण खाऊन दाखवायचं, हा तक्त्याखालचा नियम. नवऱ्याने भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि मुलांकडे बघत हसत राहिला. आधी कान लाल झाले, मग नाक, मग कपाळावरचं कुंकू घामाने ओघळून भुवईवर आलं.

"छान आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

"बाबा रडतोय," धाकट्याने हॉटेलभर जाहीर केलं. वेटर न बोलावता दही घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तेर. संत गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन लामतुरे संग्रहालय बघितलं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात ते पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे आणि इथला माल भडोचमार्गे थेट रोमन जगात जायचा, असं नवरा सांगत होता.

"रोमचे लोक इथे यायचे?" थोरलीचे डोळे चमकले. "मग पिझ्झा का नाही मिळत?"

टोमॅटो तेव्हा अमेरिकेतच होता, रोममध्येही नव्हता, हे तिला पटायला वेळ लागला. भरीला नवऱ्याने सांगितलं की मिरचीसुद्धा नव्हती, ती पोर्तुगीजांनी खूप पुढे आणली.

"म्हणजे तेव्हा इथली भाजी तिखट नव्हती?" धाकट्याने विचारलं. "मग तेव्हाच जाऊ या ना."

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावं ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळी माणसं शेतात. मावशीच्या शेतात ज्वारी डोक्याएवढी झाली होती. मधे कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा. पूजेनंतर मावसभाऊ रानभर आंबील शिंपडत, आरोळ्या देत फिरला आणि मुलं ओरडायची परवानगी आहे म्हणून त्याच्यामागे धावली.

मग पंगत. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि भज्जी. भजी नव्हे, भज्जी. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाल, गाजर, चाकवत असं रानात आणि मंडईत सापडेल ते सगळं ताकातल्या बेसनात शिजवायचं. तक्त्यात तिला कुठे बसवावं हे नवऱ्याला कळेना. एकाच घासात नऊ-दहा खुणा पडत होत्या.

"मोजायलाव काय जावईबापू?" मावशी म्हणाली. "खाऊ द्या की लेकरांना."

लेकरं एव्हाना आमच्या हाती नव्हतीच. मातीच्या लोटक्याभोवती भावंडांचा घोळका होता. थोरलीने पेला भरून आंबील प्यायली, ओठावर पांढरी मिशी घेऊन दुसरा भरला. जावयाचा पेला मात्र तसाच होता. ज्वारीचं पीठ, आंबट ताक, वर लसणाचा वास.

"नंतर घेतो," तो म्हणाला.

"बाबा, ही तुझी पहिली वेळ," थोरली म्हणाली. "अजून चौदा आहेत."

रात्रीचा मटणाचा बेतही फिसकटला. उस्मानाबादी शेळी म्हणजे देशभर नावाजलेली जात, तिचं मटण इथे नाही खायचं तर कुठे, असा नवऱ्याचा युक्तिवाद होता. पण गोठ्यातल्या काळ्या शेळीने नुकतीच जुळी करडं दिली होती आणि धाकट्याने दुपारीच दोघांची बारशी उरकली होती. पिठलं झालं.

परतताना सरमकुंडी फाट्यावर थांबलो. कुंथलगिरीच्या पेढ्यांची दुकानं तिथे ओळीने आहेत. भूम-वाशीच्या या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की हातात येतो साधारण किलोभर खवा, तोही कढईत खालपासून सतत हलवत राहिलं तर. दुकानदाराने कागदाच्या तुकड्यावर एकेक पेढा चवीला पुढे केला. थोरलीने आपला उचलला. धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आता पक्का इथला झाल्यासारखं विचारलं, "तिखट नसतंय का?"

"नसतंय बघा," दुकानदार म्हणाला.

धाकटा तडक गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली. त्याच्या वाटणीचे पेढे नवऱ्याने बीड यायच्या आत संपवले. तक्त्यात खूण केली नाही.