तलवाड्यात समुद्र पाळणाऱ्या गृहस्थांस दिव्याविषयी सूचना

गेवराई तालुक्यातील तलवाडा या गावी, म्हणजे सर्वांत जवळच्या समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, ज्या गृहस्थाने आपल्या बैठकीच्या खोलीत प्रवाळांसहित एक लहानसा समुद्र प्रस्थापित करण्याचा संकल्प सोडला असेल, त्याच्या मनोधैर्याविषयी शंका उपस्थित करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. त्वरितादेवीच्या टेकडीवर उभे राहून आयुष्यभर कापूस, ऊस आणि काळी जमीन एवढेच पाहिल्यानंतर, समुद्र तेवढा दिसत नाही ही उणीव एखाद्याच्या मनास लागली तर त्यात अस्वाभाविक असे काही नाही. काचेची पेटी, मासे आणि मीठ ही मात्र दुय्यम सामग्री होय. खरा खर्च, खरा मनस्ताप आणि पाहुण्यांसमोरची खरी प्रतिष्ठा दिव्यात साठलेली असते. हा दिवा आपण निवडणार आहोत अशा समजुतीने पुष्कळ गृहस्थ पुण्यामुंबईच्या दुकानाची पायरी चढतात. वस्तुतः ही निवड कायदा, समुद्र, सूर्य आणि वीज हे अंमलदार अगोदरच करून बसलेले असतात, आणि त्यांचे शेरे पडून कागद गृहस्थाच्या हाती येईपर्यंत त्यावर सहीपुरतीच जागा उरते.

दिवा कशासाठी, हे प्रथम ध्यानात घ्यावे. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या देहात सूक्ष्म एकपेशीय शैवालांची वस्ती असते. ही शैवाले म्हणजे त्याची कुळे होत. ती मालकाच्या अंगातच राहतात, प्रकाशावर साखर पिकवतात आणि पिकाचा मोठा हिस्सा खंडादाखल मालकाच्या पदरात घालतात. मालक त्या बदल्यात निवारा देतो आणि स्वतःच्या उत्सर्जिताचे खत पुरवतो. हैदराबाद संस्थानच्या १९५० सालच्या कूळवहिवाट कायद्याची झळ या व्यवहारास पोहोचलेली नाही, त्यामुळे जुन्या चालीची जमीनदारी निर्वेधपणे नांदताना पाहावयाची असेल तर ती आता काचेच्या पेटीतच पाहावी लागेल. प्रकाश कमी पडला की पीक बुडते आणि मालक झिजत जातो. प्रकाश किंवा उष्णता प्रमाणाबाहेर गेली की कुळांच्या हातून विषारी द्रव्ये उत्पन्न होऊ लागतात, मालक त्यांना एकजात हाकलून देतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि बेदखलीचा तो हुकूम वेळेवर फिरवला गेला नाही तर उपासमारीने मरतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतींवर हेच प्रकरण फार मोठ्या प्रमाणावर घडले. तेव्हा दिवा ही शोभेची वस्तू नव्हे, तो शिधा आहे. आणि शिध्याची निवड खाणाऱ्याच्या पोटाकडे पाहून करावी, वाढणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून नव्हे.

आता कायदा. ज्यांच्या सांगाड्यांतून समुद्रात भिंती उभ्या राहतात ती सर्व दगडी प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीस जाऊन बसली आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे बुडी मारून एखादा सजीव तुकडा आठवणीदाखल खिशात घालणाऱ्या पर्यटकास तीन ते सात वर्षे अशा ठिकाणी राहण्याचा योग येऊ शकतो, की जेथील प्रकाशयोजना त्याच्या निवडीवर अवलंबून नसते. या दगडी मंडळींतील शिंगाळ जातीस पोटभर उजेड हवा असतो. दर चौरस मीटरवर दर सेकंदास तीनशे ते चारशे मायक्रोमोल प्रकाशकण ही तिची मागणी. उलट सामान्य गृहस्थाने ज्यांच्यावर समाधान मानावे अशी चामडी, बटनासारखी आणि अळंबीच्या आकाराची मृदू मंडळी पन्नास ते दीडशेत तृप्त होतात. त्यांच्याविषयीही विक्रेत्याकडून पक्की पावती आणि मालाच्या उगमाचा कागद मागून घ्यावा. अशा रीतीने दुकानदाराने तोंड उघडण्यापूर्वीच कायद्याने दिव्याचे निम्म्याहून अधिक सामर्थ्य आणि त्या मानाने खर्चही छाटून टाकलेला असतो. याबद्दल वनखात्याचे आभार मानणारा अर्ज कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

समुद्राचा शेरा रंगाविषयी आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारे एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथाही सुमारे वीस मीटर पाण्याखाली आहे आणि त्यावर प्रवाळांची वसाहत सुखाने नांदते. पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच गिळून टाकते. खाली पोहोचतो तो मुख्यत्वे निळा. प्रवाळांची कुळे याच निळ्यावर, म्हणजे चारशे ते पाचशे नॅनोमीटरच्या प्रकाशावर, पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. आपण मात्र दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन वाचतो. ल्युमेन हे माप मानवी डोळ्याच्या आवडीनिवडीवरून ठरवलेले असून त्या डोळ्यास ५५५ नॅनोमीटरचा हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक तेजस्वी भासतो, एवढी गोष्ट लक्षात घेतली म्हणजे लग्नमांडवाचा फोकस आणून पेटीवर टांगणारा गृहस्थ प्रवाळांची नव्हे तर वऱ्हाडाची सोय करीत असतो, हे पटण्यास हरकत नसावी. तसेच मोबाईलमधील उजेड मोजणारे ॲपही निळ्याच्या बाबतीत विश्वासार्ह नाही. खरे मोजणी-यंत्र महाग पडते. ते एखाद्या अनुभवी शौकिनाकडून दोन दिवसांसाठी मागून आणावे आणि जमिनीची करतात तशी पेटीच्या चारही कोपऱ्यांची मोजणी एकदाच नीट करून घ्यावी.

निळ्या प्रकाशाचे काही सामाजिक परिणाम होतात, त्यांची पूर्वसूचना देणे कर्तव्य आहे. दुपारच्या उन्हाची वर्णच्छटा साडेपाच ते साडेसहा हजार केल्व्हिन असते, तर प्रवाळांच्या दिव्याची चौदा ते वीस हजार. त्या उजेडात प्रवाळे स्वतः हिरवी-केशरी चमकतात; परंतु शेजारी सोफ्यावर बसलेले व्याही नुकतेच दवाखान्यातून सुटून आल्यासारखे दिसतात आणि ते हसले तर पांढऱ्या सदऱ्याबरोबर त्यांचे दातही उजळतात. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम या खोलीत ठेवू नये.

सूर्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. मराठवाड्याच्या अनुशेषाच्या आजवर जेवढ्या याद्या तयार झाल्या, त्यांत रस्ते आले, सिंचन आले, कारखाने आले, पण उन्हाचा अनुशेष कोणीही दाखवलेला नाही. मग आकाशातून फुकट कोसळणारा हा प्रकाश सोडून, वीज विकत घेऊन, त्याच सूर्याची वीस मीटर पाण्याखालची फिकट नक्कल घरात का निर्माण करावी, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतील. आणि हा प्रश्न, खरे सांगावयाचे तर, संपूर्ण छंदात विचारला जाणारा एकमेव शहाणपणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, भर दुपारचे ऊन दोन हजार मायक्रोमोलांच्या घरात जाते, म्हणजे आपल्या मृदू मंडळींच्या गरजेच्या कित्येक पट. त्यातील लाल भाग समुद्र गाळून घेतो, माळवदाचे साणे गाळीत नाही. आणि साण्यातून उतरलेल्या त्या कवडशाने प्रवाळांऐवजी काचेवरचे शेवाळ पुष्ट होते. शिवाय पाणी तापते. प्रवाळांस पंचवीस-सव्वीस अंश मानवतात, आणि बीड जिल्ह्याच्या वैशाखात चाळीस अंशांचा आकडा ओलांडला तर ती बातमीही होत नाही.

म्हणूनच जुन्या पुस्तकांत गौरवलेला अडीचशे वॅटचा मेटल हॅलाइड दिवा येथे वर्ज्य समजावा. त्याचा प्रकाश खरोखर राजस असतो आणि पाण्याच्या तळाशी लाटांच्या सोनेरी रेघाही तो फार सुंदर हलवतो, परंतु तो लावणे म्हणजे मे महिन्यात खोलीत शेगडी पेटवून तिच्या उपशमनार्थ पाणी थंड करणारे दुसरे यंत्र विकत घेणे होय. टी-फाइव्ह नळ्या सौम्य व समतोल खऱ्या, परंतु वर्षभरात त्यांचा वर्ण बिघडतो आणि त्या बदलाव्या लागतात. उरला एलईडी. त्याची उष्णता मुख्यतः पाठीकडे, धातूच्या पंख्यांत जाते. त्याचे तेज कमी-अधिक करता येते, निळा आणि पांढरा निरनिराळे चालवता येतात. मृदू प्रवाळांच्या चार फुटी पेटीसाठी असा शंभर-सव्वाशे वॅटचा चांगला दिवा, पाण्यापासून वीतभर उंच, बहुधा पुरतो. वीतभर यासाठी की खारे शिंतोडे उडतात आणि सुकलेले मीठ तारांच्या दिशेने सरकत राहते. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर यांविषयी येथे विनोद करण्याची लेखकाची इच्छा नाही.

पाण्याविषयी एकच गोष्ट. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत अडीचशे लिटर पाणी आणि सुमारे नऊ किलो समुद्री मीठ मावते. दिव्याच्या उबेने आणि कोरड्या हवेने उडून जाते ते मात्र निव्वळ गोडे पाणी. ते रोज गोड्या, तेही गाळलेल्या, पाण्यानेच भरून काढावे लागते. ज्या आठवड्यात गावात टँकर येतो त्या आठवड्यात हा विधी शक्यतो पडदे ओढून उरकावा.

अखेरीस वीज. या बाबतीत नवशिक्या गृहस्थाची पहिली प्रेरणा, आपल्या मौल्यवान दिव्यास इन्व्हर्टर जोडण्याची, सर्वस्वी चुकीची असते. ढगाळ दिवस प्रवाळांनी समुद्रातही पाहिलेले असतात. एक-दोन दिवसांच्या अंधाराने कुळे गाव सोडून जात नाहीत. परंतु पाणी हलवणारा पंप तीन-चार तास बंद पडला तर पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे गुदमरू लागतात. सबब इन्व्हर्टर पंपास द्यावा आणि दिवा महावितरणाच्या मर्जीवर सोडावा. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर समुद्र चालवू नये. कायद्याचा मुद्दा बाजूस ठेवला तरी, वरखाली होणाऱ्या दाबाने दिव्याचा ड्रायव्हर प्रथम जातो.

दिवा आठ ते दहा तास चालावा, आणि ते काम टायमरकडे सोपवावे. काट्याचा साधा टायमर येथे उपयोगी नाही, कारण वीज गेली की तो थांबतो आणि वीज आल्यावर जेथे थांबला तेथून पुढे चालू लागतो. भारनियमनाच्या एका चांगल्या आठवड्यानंतर प्रवाळांचा सूर्य रात्री जेवणानंतर उगवतो आणि सकाळी शाळेच्या वेळी मावळतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. नवीन दिवा पहिल्या दिवशी पूर्ण तेजाने लावू नये. तीस-चाळीस टक्क्यांवर प्रारंभ करून तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने चढवावा. हे चढते प्रमाण घरातील मुलांच्या हाती लागू नये म्हणून दिव्याच्या मोबाईलमधील नियंत्रकास परवलीचा शब्द लावून ठेवावा.

एवढे सर्व करूनही कुटुंबीयांची संमती मिळाली नाही, तर प्रवाळाचा दुसरा एक प्रकार विचारात घेण्याजोगा आहे. आपल्या सराफ्यात अंगठीत जडवून मिळते ते भूमध्य समुद्रातील लाल पोवळे कड्याकपारींच्या आणि गुहांच्या अंधारात वाढते. त्याच्या अंगी कुळे नसतात, त्यामुळे जिवंतपणीही ते दिव्यावाचून राहते. अंगठीत आल्यावर तर त्यास पंप, टायमर, मीठ यांपैकी काहीच लागत नाही. पत्रिकेत मंगळ तेवढा असावा लागतो.