मजली केकचे स्थापत्यशास्त्र

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचले जातात तेव्हा वरचे वजन खालच्या फळांवर न पडता क्रेटच्या भिंतींवरून जमिनीकडे जाते. मजली केक, म्हणजे लग्नात किंवा बाळाच्या पहिल्या वाढदिवशी कापला जाणारा थरांवर थरांचा केक, याच न्यायाने उभा राहतो, कारण त्याच्या प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठ्याची चकती असते आणि त्या चकतीला खालच्या मजल्यात उभ्या खुपसलेल्या, नेमक्या त्याच्याच उंचीच्या काड्या तोलून धरतात. त्यावर फाँडंट, म्हणजे साखर, ग्लुकोज आणि बहुधा जिलेटिन एकत्र मळून लाटलेली पोळी, चढवतात, जी सोलून ताटलीच्या कडेला ठेवण्याची पाहुण्यांची रीत आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. तरीही केक अंड्याविना आहे एवढी खातरजमा झाली की यजमान मंडळी निर्धास्त होतात, ही शाकाहाराच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानावी लागेल.

उरतो मे महिना. लोण्याची सजावट ३० अंशांच्या आसपास ढिली पडू लागते, लॉनवरचा पारा चाळिशीकडे झुकलेला असतो, आणि वरातीला मुहूर्ताची घाई कधीच नसते. यावरचा रूढ तोडगा असा की खालचे मजले थर्माकोलचेच करून वरचा तेवढा खाण्याजोगा ठेवावा. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली खरी, परंतु साखरेची पोळी पांघरलेले थर्माकोल सजावटीत मोडते की मिष्टान्नात, हे ठरवण्यासाठी निरीक्षकाला ते आधी चाखून पाहावे लागेल.