गुहागर ते गोरेगाव : ८३ लाख पिक्सेलांचा प्रवास

प्रवासवर्णनात प्रवासी कुठून निघाला, वाटेत त्याचे काय हाल झाले आणि मुक्कामाला तो किती शिल्लक राहून पोचला, एवढं तरी आलंच पाहिजे. हौसेने ड्रोन घेऊन कोकणात उतरणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे वर्णन माणसांचं करण्यात फारसं हशील नाही. माणसं गुहागरला जातात, सोलकढी पितात, उन्हाने काळवंडतात आणि सुखरूप परत येतात. खरे हाल होतात ते चित्राचे. फोर-केच्या एका फ्रेममध्ये रुंदीला ३८४० आणि उंचीला २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. एवढे प्रवासी गुहागरच्या किनाऱ्यावर गाडीत चढतात आणि गोरेगावच्या काकांच्या मोबाईलवर त्यातले चारेक लाख उतरतात. उरलेले वाटेत कुठे गळाले याची चौकशी कोणी करत नाही, कारण फोर-के हा शब्द किनाऱ्यावरच खणखणीत आवाजात उच्चारून झालेला असतो. रेझोल्यूशन निवडताना चढले किती हे मोजण्यापेक्षा उतरणार किती आणि कुठल्या स्टेशनवर, हे आधी बघावं आणि मग तिकीट काढावं, असं माझं मत आहे. तसं पाहिलं तर बहुतेक सहकुटुंब सहलींना फुल एचडी, फार तर २.७के, पुरून उरतं.

आधी चढण्याचं स्टेशन. गुहागर ड्रोनवाल्यांना आवडावं असंच आहे. लांबलचक पुळण, तिच्या कडेने सुरूचं बन, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत लपलेली कौलं. दाभोळहून फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरता येतं, त्यामुळे समुद्र लागण्याआधीच खाडीवर एक उड्डाण होऊन जातं. हौशी ड्रोन बहुधा २४९ ग्रॅमचं असतं, कारण २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ या सर्वांत सौम्य वर्गात बसतं. त्या एका ग्रॅमसाठी अभियंत्यांनी काय काय कातरलं असेल ते त्यांनाच ठाऊक. हरित क्षेत्रातसुद्धा ४०० फुटांच्या वर जायचं नाही, आणि शेजारी अंजनवेलला वीजप्रकल्प आहे तेव्हा नकाशा बघूनच उडवायचं, हे ओघाने आलंच. मग ज्याच्या हातात रिमोट तो त्या दिवसापुरता घरातला कर्ता पुरुष होतो. तो वडीलधाऱ्यांनाही हुकूम सोडतो : ओळीत उभे राहा, हात हलवा, वर बघा, पण ड्रोनकडे बघताय असं दिसू देऊ नका. सगळे हात हलवतात. ड्रोन परवानगीची शेवटची फूटपट्टी गाठून थांबतं, कारण उंच गेल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत.

पहिली गळती इथेच होते आणि तिचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. या ड्रोनांची भिंगं चांगली रुंद पाहतात. १२० मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर एका फ्रेममध्ये साधारण १८० मीटर रुंदीचा किनारा मावतो. तो ३८४० पिक्सेलांत वाटला की एका पिक्सेलच्या वाट्याला पावणेपाच सेंटिमीटर वाळू येते. फुल एचडीच्या १९२० मध्ये वाटली की साडेनऊ. माणसाचा तळवा आठ-नऊ सेंटिमीटर रुंद. म्हणजे काका जिवाच्या आकांताने जो हात हलवत असतात तो फुल एचडीत एका पिक्सेलचा असतो आणि फोर-केत दोन बाय दोन, मिळून चार पिक्सेलांचा. चार पिक्सेलांत हात हलतोय की काका घाम पुसतायत हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी ड्रोन तीस मीटरवर आणलं तर त्याच भिंगात ४५ मीटर रुंदी मावते, आणि साध्या फुल एचडीतही एका पिक्सेलला सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास जागा येते. म्हणजे खालून घेतलेलं स्वस्त चित्र वरून घेतलेल्या महागड्या चित्राच्या दुप्पट तपशील दाखवतं. ही सुधारणा फुकट आहे, तिला नवं मेमरी कार्ड लागत नाही, आणि रिमोटची काठी खाली ओढणं एवढंच कौशल्य लागतं. तरीही ती कोणी वापरत नाही, कारण रेझोल्यूशनचा आकडा चारचौघांत सांगता येतो, कमी उंची सांगता येत नाही.

पुढची गळती वेगात होते. नेहमीच्या उडण्याच्या पद्धतीत छोटं ड्रोन ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला दहा मीटर जातं. सेकंदाला तीस फ्रेम घेताना हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकं उघडं ठेवावं, असा छायाचित्रणातला जुना संकेत आहे. तेवढ्या वेळात ड्रोन सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. फोर-केचा पिक्सेल पावणेपाच सेंटिमीटरचा. म्हणजे जमिनीवरची प्रत्येक गोष्ट साडेतीन पिक्सेलभर फरफटत गेली. कडक उन्हात यंत्र आपणहून शटर वेगवान करतं आणि फरफट थांबते, पण मग चित्र धक्के खात सरकतं. ते आवडत नाही म्हणून जाणकार भिंगावर काळसर एनडी फिल्टर चढवतात, आणि फरफट परत येते. यात हिवाळ्यातल्या सकाळचं कोकणी धुकं मिसळा. त्यात सेन्सरची गोम अशी की त्याच्या निम्म्या घरांना फक्त हिरवं दिसतं, पाव घरांना तांबडं आणि पाव घरांना निळं. बाकीचा रंग शेजारणीला विचारून भरलेला असतो. आणि सरतेशेवटी कॉम्प्रेशन. प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांचे आठ-आठ असे २४ बिट लागतात असं धरलं, तर सेकंदाला तीस फ्रेमचं फोर-के शंभर मेगाबिटमध्ये कोंबताना पिक्सेलच्या वाट्याला ०.४ बिट येतात. साठाला एक. स्थिर आकाशाला हे चालून जातं, कारण एकाच निळ्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पण सुरूच्या पानांना, फेसाळ लाटांना आणि वाऱ्यावर डोलणाऱ्या माडाच्या झावळ्यांना प्रत्येक फ्रेममध्ये नवीन काहीतरी सांगायचं असतं. हे कोंबण्याचं काम करणारा कोडेक ते ऐकून घेत नाही, सगळ्या बनाचा हिरवा लगदा करून मोकळा होतो.

इथवर प्रवास आकाशातला. जमिनीवर आल्यावर हिशेब जास्त रोखठोक होतो. शंभर मेगाबिटच्या दराने एका मिनिटाला ७५० एमबी लागतात. अर्ध्या तासाची एक बॅटरी उडवली की बावीस-तेवीस जीबी. हौशी माणूस तीन बॅटऱ्या बाळगतो, त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड हेदवीच्या दशभुजा गणपतीचं दर्शन होईपर्यंत भरतं आणि वेळणेश्वरला पोचल्यावर जुनं काय पुसायचं यावर गाडीत चर्चासत्र बसतं. घरी परतल्यावर सगळ्यांची एकच मागणी असते : ग्रुपवर टाक. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की तो ४८० रेषांच्या आसपास आवळला जातो, म्हणजे चारेक लाख पिक्सेल. आठवणीने एचडी निवडलं तर ७२० रेषा, म्हणजे सव्वानऊ लाख. फाइल जशीच्या तशी जावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवावी तर तिथे दोन जीबीची मर्यादा, आणि दोन जीबीत वरच्या दराने पावणेतीन मिनिटंच बसतात. पाठवली तरी काका ती उतरवून घेणार नाहीत. काका फोन उभा धरतात. आडवा व्हिडिओ उभ्या फोनवर रुंदीला १०८० पिक्सेल आणि उंचीला सहाशेच्या थोडा वर एवढीच जागा घेतो, म्हणजे जास्तीत जास्त साडेसहा लाख. फोन आडवा करा असं सांगणारे पुतणे आजवर अनेक होऊन गेले. काकांनी तो केला नाही.

यावर पहिला आक्षेप टीव्हीचा. मोबाईलचं ठीक आहे, पण हॉलमध्ये फोर-के टीव्ही आहे त्याचं काय? चांगला आक्षेप आहे, आणि त्याचं उत्तर फूटपट्टीने देता येतं. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखते असं धरतात. ४३ इंची टीव्ही ९५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर फुल एचडीचा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि तो पिक्सेल १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगळा दिसेनासा होतो. गोरेगावच्या हॉलमध्ये सोफा आठ-नऊ फुटांवर असतो, कारण मध्ये टीपॉय लागतो आणि टीपॉयवर चिवड्याची ताटली. म्हणजे तिथे फोर-के आणि फुल एचडी यांच्यात डोळ्याला कळण्याजोगा फरक जवळपास उरत नाही. न्यू जर्सीच्या मावशींची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे ७५ इंची टीव्ही असेल तर हीच सीमा पावणेदहा फुटांवर जाते, आणि तेवढ्या अंतराच्या आत बसून त्या माहेरचा समुद्र बघणार असतील तर त्यांच्यासाठी फोर-केचं तिकीट जरूर काढावं. मात्र ते व्हॉट्सअॅपने धाडू नये.

दुसरा आक्षेप संकलन करणाऱ्यांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फोर-केत घेतलं की नंतर चौकट कापता येते. चौथा हिस्साच ठेवला तरी फुल एचडी शिल्लक राहतं, वाकडं क्षितिज सरळ करता येतं, कडेला आलेला भेळवाल्याचा गाडा बाहेर ढकलता येतो. शिवाय फोर-के आकसून केलेलं फुल एचडी बऱ्याच कॅमेऱ्यांत थेट घेतलेल्या फुल एचडीपेक्षा रेखीव येतं, कारण यंत्र थेट घेताना कधी ओळी गाळतं, कधी शेजारची घरं एकत्र करतं. हे सगळं खरं, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे : कोणीतरी संगणकापुढे बसून कापणार आहे. ज्या घरात हे होतं तिथे फोर-के, सेकंदाला तीस फ्रेम, आणि याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बहुसंख्य घरांत ‘एडिट करून टाकतो’ हे वाक्य दिवाळीत उच्चारलं जातं आणि गणपतीपर्यंत टिकतं. कापणाऱ्यासाठी राखलेले साठ लाख पिक्सेल तोवर हार्ड डिस्कमध्ये झोपून असतात.

ज्यांना कापायचं नाही त्यांनी वाचलेली जागा कशावर खर्चावी याचं उत्तर हेदवीला मिळतं. तिथे खडकात बामणघळ नावाची अरुंद फट आहे; भरतीची लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि पाण्याचा फवारा उसळून वर येतो. हा सगळा खेळ क्षणाचा. इथे पिक्सेल किती यापेक्षा सेकंदाला फ्रेम किती याला महत्त्व येतं, कारण साठ फ्रेम घेतल्या तर तो फवारा निम्म्या वेगाने दाखवता येतो आणि थेंब थेंब सुटताना दिसतो. डीजेआयच्या मिनी २ आणि मिनी ३ सारखी जी यंत्रं हौशी लोकांच्या हाती आहेत, ती फोर-केत तीसच फ्रेम देतात. साठ हव्या असतील तर २.७के किंवा फुल एचडीवर उतरावं लागतं. पुढच्या आणि महाग पिढीत फोर-केतही साठ आणि त्याहून जास्त मिळतात, पण ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असल्याने आपल्याकडे बरीच कुटुंबं जुन्याच यंत्रावर प्रेम करत आहेत. त्यांनी घळीपाशी २.७के लावावं. त्यात २७२० गुणिले १५३०, म्हणजे साडेएक्केचाळीस लाख पिक्सेल असतात, फोर-केच्या जवळपास निम्मे, आणि फ्रेम दुप्पट. हा पर्याय उपेक्षित राहिला तो निव्वळ उच्चारामुळे. ‘टू पॉइंट सेव्हन के’ हे चारचौघांत म्हणताना छाती फुगत नाही. समोरचा दयेने बघतो आणि ‘का, बिघडलंय का?’ असं विचारतो.

तिसरा आक्षेप भविष्याचा : पुढे सगळीकडे आठ-केचे पडदे येतील, तेव्हा आजचं फुल एचडी केविलवाणं दिसेल. दिसेल. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आज त्याहून केविलवाण्या दिसतात, तरी त्या बघताना घरात पिक्सेलांबद्दल तक्रार ऐकू येत नाही. तक्रार असते ती कॅमेरामनने आजीऐवजी आइसक्रीमच्या काउंटरवर खर्चलेल्या पाच मिनिटांबद्दल, आणि नवरानवरीभोवती उमटवलेल्या बदामाबद्दल. तीस वर्षांनी गुहागरचा व्हिडिओ बघणाऱ्यालाही आजी ओळखू यायला हवी असेल, आणि त्याचा उपाय वर सांगितलाच आहे : काठी खाली ओढा. शिवाय या छोट्या ड्रोनांत आवाज टिपला जात नाही, पंख्यांच्या घरघरीपुढे टिपून उपयोगही नसतो. तेव्हा भविष्याची एवढीच काळजी असेल तर एकाने खाली उभं राहून साध्या फोनवर आजीचं बोलणं मुद्रित करावं.

शेवटचा आक्षेप तांत्रिक नाही, म्हणूनच सगळ्यांत बळकट आहे : पैसे फोर-केचे मोजलेत. त्याला एक तांत्रिक आधारही देता येतो. यूट्यूब फुल एचडी व्हिडिओला बहुधा जुन्या कोडेकवर बसवतं, १४४० आणि त्यावरच्यांना नव्या कोडेकची सढळ सोय देतं, त्यामुळे फोर-के चढवलेलं तिथे खरंच बरं दिसतं. पण यूट्यूब प्रवाशांची जन्मतारीख तपासत नाही. फुल एचडीत किंवा २.७केत टिपलेला व्हिडिओ कुठल्याही फुकट संकलन-अॅपमध्ये उघडावा, बाहेर काढताना फोर-के निवडावं आणि चढवावा. नवा कोडेक मिळतो, आणि दर्जाच्या यादीत सर्वांत वर २१६० असा आकडाही झळकतो. मावशींना लिंक पाठवताना त्या आकड्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडायला हरकत नाही.