नव्या अवताराचा निषेध : साहित्य, विधी आणि उद्यापन

लहानपणी जिच्यावर जीव जडला ती अवकाशमालिका कुणीतरी नव्याने काढतंय, ही बातमी साधारणपणे चाळिशीच्या आसपास येऊन थडकते. अशा वेळी भलेभले चाहते गडबडतात. कुणी आधी हरखतो आणि मग चिडतो. कुणी आधी चिडतो आणि गुपचूप पहिला भाग रेकॉर्डिंगला लावून ठेवतो. शास्त्रोक्त मार्गदर्शन नसल्यामुळे हे असं होतं. ती उणीव भरून निघावी म्हणून हा खटाटोप. उदाहरणादाखल ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ घेतली आहे, कारण नव्या अवतारावर रुसण्याचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे अमेरिकेतल्या चाहत्यांनी या एकाच मालिकेवर करून पाहिले आहेत.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राशींवरून नावं पडलेल्या माणसांच्या बारा वसाहती असतात. सायलॉन नावाचे यंत्रमानव त्या एका हल्ल्यात बेचिराख करतात. उरलेसुरले लोक मिळेल त्या यानात कोंबून बसतात आणि ‘गॅलॅक्टिका’ या एकुलत्या एका युद्धनौकेच्या आडोशाने पृथ्वी नावाचा ऐकीव ग्रह शोधायला निघतात. ग्लेन लार्सन यांची ही मालिका सप्टेंबर 1978 मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि 1979 मध्ये एका पर्वातच आटोपली. विधीसाठी एवढी माहिती पुरे.

साहित्यात पहिली आणि खरं तर एकमेव आवश्यक वस्तू म्हणजे आठवण. ती कोरी वापरावी. निषेधाला बसण्यापूर्वी जुनी मालिका पुन्हा पाहण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. पाहिली तर असं लक्षात येण्याचा धोका आहे की खर्च वाचवण्यासाठी तेच सायलॉन विमान त्याच कोनातून भागामागून भाग फुटतंय. लहान मुलाच्या पायात घोटाळणारं ते यांत्रिक कुत्रं म्हणजे आत चिंपांझी घालून चालवलेला पोशाख आहे, हेही दिसू लागतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे, अख्खी मानवजात संपल्यानंतर थोड्याच वेळात आपली मंडळी एका ग्रहावरच्या कॅसिनोत रमलेली असतात. सुतक म्हणून काही असतं की नाही, हा प्रश्न दहाव्या वर्षी पडत नाही. चाळिसाव्या वर्षी पडू देऊ नये.

‘गॅलॅक्टिका 1980’ ही वस्तू साहित्यात घेऊ नये. जनाग्रहास्तव काढलेली ही पुढची मालिका दहा भागांत संपली. तीत उडत्या मोटरसायकली होत्या. ती कधी झालीच नव्हती असं धरून चालण्याबाबत सर्व पंथांच्या चाहत्यांचं एकमत आहे, आणि चाहत्यांत एकमत होण्याचा दुसरा प्रसंग नोंदलेला नाही.

‘मूळ कलाकृतीचं पावित्र्य’ हा शब्दप्रयोग मुबलक लागेल. तो वापरताना आवाज चढा ठेवावा, म्हणजे समोरच्याला 1978 सालच्या खटल्याची आठवण काढायला उसंत मिळत नाही. त्या वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने युनिव्हर्सलला कोर्टात खेचलं होतं. तक्रार अशी की ही मालिका म्हणजे ‘स्टार वॉर्स’ची उचल आहे. ‘स्टार वॉर्स’चे दृश्य परिणाम सांभाळणारे जॉन डायक्स्ट्राच इकडेही होते, त्यामुळे साम्य अगदीच हवेतलं नव्हतं. युनिव्हर्सलने उलट दावा ठोकला की ‘स्टार वॉर्स’नेच आमच्या जुन्या मालातून उचललं आहे. थोडक्यात, ज्या गंगेचं पावित्र्य राखायचं ती उगमापाशीच वादग्रस्त आहे. म्हणून आवाज चढा.

आता विधी. निषेध मालिका पाहण्यापूर्वीच सुरू करावा. पाहून केलेल्या निषेधात कसूर राहते, कारण मध्येच एखादं दृश्य आवडून जातं. या बाबतीत 2003 सालच्या जुन्या चाहत्यांचा आदर्श समोर ठेवावा. नव्या मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर त्यांच्या संमेलनाला स्वतः गेले आणि काही दृश्यं दाखवली. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. मालिका तेव्हा पडद्यावर यायची होती.

मूर यांचं नाव ऐकून चाहते बिथरले याला कारण होतं. हे गृहस्थ मुळात ‘स्टार ट्रेक’चे चाहते. सेट बघायला गेले असताना आपली संहिता तिथल्या माणसाच्या हातात सरकवली आणि तिच्या जोरावर ‘नेक्स्ट जनरेशन’च्या लेखकवर्गात शिरले. पुढे 1994 च्या ज्या चित्रपटात कॅप्टन कर्कला मरण येतं, त्याच्या दोन पटकथाकारांपैकी हे एक. चाहत्याच्या हाती सत्ता गेली की तो पहिला वार दैवतावर करतो, हे एकदा सिद्ध झालं होतं. त्याच हातात आता गॅलॅक्टिका आली होती.

गॅलॅक्टिकाचा सेनानी ॲडमा याची नवी भूमिका करणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी तर प्रसारणाआधीच जाहीरपणे सांगून टाकलं की जुन्या मालिकेवर ज्यांचा जीव आहे त्यांनी ही पाहू नये. यासारखा प्रामाणिक सल्ला दूरचित्रवाणीच्या धंद्यात क्वचितच कुणी देतं. अर्थातच तो कुणी मानला नाही. निषेध करायचा तर पाहायला हवंच.

डिसेंबर 2003 मध्ये दोन रात्रींची लघुमालिका साय-फाय वाहिनीवर आली. तिच्या सुरुवातीला गॅलॅक्टिका निवृत्त होऊन संग्रहालय बनण्याच्या बेतात आहे. जहाजात एक प्रदर्शन मांडलंय आणि तिथे काचेआड 1978 चा चकचकीत सायलॉन उभा आहे. निवृत्तीच्या सोहळ्यात विमानं डोक्यावरून जातात तेव्हा वाजते ती जुन्या मालिकेचीच धून. हा अपमान की मानवंदना, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या रक्तदाबाप्रमाणे करावा. मला ती मानवंदना वाटते. पण निषेधकांनी इथे हातची संधी घालवली, याची मात्र हळहळ वाटते. कथेत सायलॉन शत्रूच्या संगणकजाळ्यात शिरून सगळं आरमार बंद पाडतात आणि गॅलॅक्टिका वाचते ती केवळ जुनाट असल्यामुळे. तिच्यावर तारांचे टेलिफोन असतात आणि तिचे संगणक एकमेकांना जोडलेले नसतात. जुनं तेच तगतं, असा सज्जड पुरावा प्रतिपक्षाने ताटात वाढून दिला होता. पण चाहत्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही.

कारण लक्ष स्टारबककडे होतं.

विधीचा हा मुख्य भाग असल्याने इथे घाई करू नये. 1978 चा स्टारबक म्हणजे डर्क बेनेडिक्ट: ओठांत सिगार, हातात पत्ते, दोन्ही बाजूंना पोरी, आणि विमान असं चालवणार की वरिष्ठांनी डोक्याला हात लावावा. 2003 ची स्टारबक म्हणजे केटी सॅकहॉफ. ओठांत सिगार, हातात पत्ते, विमान तसंच, शिवाय वरिष्ठाने डिवचलं तर त्याच्या जबड्यावर ठोसा. गुणावगुणांची यादी जवळजवळ तीच आहे, आणि आक्षेपाची अडचण नेमकी इथेच सुरू होते. ‘ती बाई आहे’ हे सरळ म्हणता येत नाही, कारण ते एकविसाव्या शतकात शोभत नाही. म्हणून ‘व्यक्तिरेखेच्या गाभ्याला धक्का लागला’ असं म्हणावं. गाभा म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारल्यास विषय बदलून यांत्रिक कुत्र्यावर यावं.

स्वतः बेनेडिक्ट यांना असले आडपडदे मान्य नव्हते. 2004 मध्ये त्यांनी एक लेख लिहून स्टारबकचं खच्चीकरण झाल्याचं जाहीर केलं, तेही थेट शीर्षकातच. पुरुषाला पुरुष राहू न देणाऱ्या काळाविरुद्ध त्यात त्यांनी तोफ डागली होती. त्यापूर्वी वाहिनीने दोन्ही स्टारबकांना समोरासमोर बसवलं होतं, आणि जागा निवडली ती त्याच नावाच्या कॉफीच्या दुकानाची. जाहिरातवाल्यांना लाज नसते, हे मान्य करून पुढे जावं.

पाठांतरासाठी एक गोष्ट देऊन ठेवतो, कारण प्रतिपक्ष ती नक्की काढतो. जुन्या मालिकेतही बायका लढाऊ विमानात बसल्या होत्या. कधी? बहुतेक सगळे पुरुष वैमानिक आजारी पडले तेव्हा. यावर सुचेल ते उत्तर द्यावं. मला आजवर सुचलेलं नाही.

मराठी चाहत्यासाठी इथे एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. नव्या मालिकेचं शीर्षकसंगीत रिचर्ड गिब्ज यांचं, आणि त्यात जे शब्द ऐकू येतात तो चक्क गायत्री मंत्र आहे. अणुबॉम्बने शहरं भाजत असताना मागे सवितृदेवाची आळवणी चालते. मुंजीत जो मंत्र कानात सांगितला गेला तो असा, अमेरिकन केबलवर, जाहिरातींच्या आधी भेटला की माणूस बावचळतो. इथे दोन प्रतिक्रिया उपलब्ध आहेत: ऊर भरून येणं आणि भावना दुखावणं. दोन्ही एकाच वेळी करायला हरकत नाही, आपल्याला सराव आहे. मात्र ज्या घरात बायकांनी हा मंत्र म्हणू नये अशी शिस्त होती, तिथल्या चाहत्याने जपून ऐकावं. गाणारा आवाज बाईचा आहे. स्टारबकने इथेही पाठ सोडलेली नाही.

विधी चालू असताना एक अपघात संभवतो, त्याबद्दल सावध करणं माझं कर्तव्य आहे. नियमित मालिकेचा ‘33’ हा पहिला भाग चुकूनही एकट्याने पाहू नये. दर 33 मिनिटांनी सायलॉन येऊन धडकतात. ताफा उडी मारून निसटतो, पुन्हा 33 मिनिटं, पुन्हा तेच. हे पाच दिवसांहून अधिक चालतं. कुणी झोपलेलं नाही. दाढ्या वाढल्यात, माणसं उभ्या उभ्या डुलक्या घेतात, आणि राष्ट्राध्यक्षा जिवंत माणसांचा आकडा फळ्यावर पुसून पुन्हा लिहिते. 2005 चा ह्यूगो पुरस्कार या भागाला मिळाला. तो पाहताना चाहत्याला एक नको ती जाणीव होते: बारा ग्रहांवरची माणसं मेली तर मागे उरलेल्यांचं असंच होईल. म्हणजे कथा मुळात याचीच होती. 1978 ने ती सांगायला घेतली आणि कॅसिनोत नेऊन सोडली. नव्या मंडळींचा खरा अपराध हा की त्यांनी जुनं वचन पाळलं. नवी मालिका सरस आहे, यात मला शंका नाही. पण ती कुणालाही दहा वर्षांचा असताना भेटली नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाने ती पाहूही नये. लॉर्न ग्रीन यांच्या ॲडमाच्या नुसत्या आवाजाने आता सगळं ठीक होईल असं वाटायचं. ओल्मोस यांच्या ॲडमाकडे पाहून तसं कधीच वाटत नाही. रुसणाऱ्याचं म्हणणं एवढंच असेल, तर मी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे.

माघार घेण्याचीही रीत आहे, आणि ती रिचर्ड हॅच यांच्याकडून शिकावी. जुन्या मालिकेतला वैमानिक अपोलो ते हेच. मूळ मालिका पुढे चालू राहावी म्हणून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 1999 मध्ये पदरमोड करून चित्रफीत बनवली आणि ती गावोगावच्या संमेलनांतून दाखवत फिरले. नव्या अवताराला विरोध करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. मग त्यांनाच भूमिका देऊ केली गेली, अपोलोची नव्हे, टॉम झारेक नावाच्या बंडखोर कैद्याची. त्यांनी ती घेतली. नव्या, तरुण अपोलोसमोर जुना अपोलो उभा राहून त्याच्या लोकशाहीचे वाभाडे काढतो, असे प्रसंग त्यातून निघाले. पुढे हा झारेक जहाजावर उठाव घडवून आणतो आणि गोळीबाराच्या तुकडीपुढे उभा राहतो. निषेधकाने इतक्या ऐटीत हार पत्करल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. हॅच 2017 मध्ये गेले, आणि दोन्ही पंथ हळहळले.

राहिलं उद्यापन. ते सहसा पाच-सहा वर्षांनी होतं आणि चाहत्याच्या नकळत होतं. 2006 मध्ये नव्या मालिकेत माणसं सायलॉनांच्या ताब्यात जातात आणि आत्मघाती हल्ले करू लागतात. इराकमध्ये अमेरिकी फौजा असताना अमेरिकी प्रेक्षकाला हल्लेखोरांच्या बाजूने बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. मार्च 2009 मध्ये मालिकेवर थेट संयुक्त राष्ट्रांत चर्चा झाली. हुर्यो खाल्लेले मूर तिथे मंचावर होते. त्याच महिन्यात शेवटचा भाग आला. त्यात देवाची करणी निघाली, स्टारबक बोलता बोलता हवेत विरली आणि सगळी यानं सूर्यात सोडून दिली गेली. झालं. नव्या मालिकेचे चाहते संतापले, आम्हाला फसवलं म्हणाले. इथे नवी मालिका जुनी झाली असं समजावं.

याचा पडताळा 2019 मध्ये आला. पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेसाठी सॅम इस्मेल गॅलॅक्टिका पुन्हा काढणार अशी घोषणा झाली आणि पावित्र्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी तो विचारत होते ते 2003 वाले. हात लावू नका, असली परिपूर्ण गोष्ट पुन्हा कशाला, मुळाचा गाभा वगैरे. शब्द तेच होते, फक्त आता मूळ म्हणजे केटी सॅकहॉफ. 2024 मध्ये पीकॉकने तो बेत सोडून दिला, त्यामुळे तयार झालेला पुष्कळ संताप विनावापर पडून आहे. ज्यांच्याकडे तो शिल्लक असेल त्यांनी फेकू नये. निषेधाचे मसुदेही जपून ठेवावेत. कलाकारांची नावं तेवढी बदलून घ्यावीत आणि तारखेची जागा कोरी सोडावी.